रोमन जुळ्यांचा उजवा कौल

गुरव मॅडम आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या, तेव्हा बूट काढायच्या आधी त्यांनी हॉलची भिंत वाजवून पाहिली. मधलं बोट वाकवून तीनदा टकटक, मग कान लावून ऐकणं, मग पुन्हा एकदा टक. आत येऊन सोफ्यावर बसल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "ही नुसती पार्टिशन आहे गं. हिच्यावरचा टीव्ही उतरव." बायकोने ओढणीला हात पुसत माझ्याकडे पाहिलं. मी आमटी ढवळायला आत गेलो. दुसऱ्या दिवशी टीव्ही टेबलावर आला, तो अजून टेबलावरच आहे.

बाईंचं नाव सुहासिनी. आईवडिलांनी बारशाला बाळगलेली ही अपेक्षा बाईंनी पुढे कधी मनावर घेतली नाही. वय बावन्न, गाव कुडाळजवळचं, लग्न केलेलं नाही. आयर्लंडमधल्या एनिस गावात इमारतींची मजबुती तपासणारं एक लहानसं ऑफिस आहे, तिथं त्या वरिष्ठ इंजिनिअर होत्या आणि मी त्यांची ड्रॉइंग्ज काढणारा पुणेकर. पुण्याचा म्हणून मला वाटायचं की तोंडावर खरं बोलण्याचा मक्ता आपल्याकडे आहे. मॅडमच्या हाताखाली दोन महिने काढल्यावर मी तो सोडून दिला.

"भिंत खोटं बोलत नाही, मालक बोलतो," हे त्यांचं वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं. रिपोर्टात त्या 'इमारत सुरक्षित आहे' असं कधीही लिहीत नसत. 'मंगळवारी दुपारी अडीच वाजता उभी होती' असं लिहीत. साहेबांनी एकदा समजावून सांगितलं की ग्राहकाला जरा धीर वाटेल असं काही लिहा. मॅडमनी पुढच्या रिपोर्टात लिहिलं, 'तीन वाजताही उभी होती.'

त्या गाडी चालवत नसत, कारण ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चार वेळा नापास झाल्या होत्या. चालवायच्या उत्तम. पण तिसऱ्या परीक्षेत पुलाच्या कठड्याला चीर दिसली म्हणून त्यांनी गाडी पुलाच्या अलीकडेच उभी केली. परीक्षकाने विचारलं, का थांबलात? तर म्हणाल्या, "तुमचं वजन किती?" चौथ्या वेळी तोच परीक्षक होता. तेव्हापासून साइटवर न्यायचं काम माझ्याकडे आलं.

२०२० साली गणपती झूमवर बसले. डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनपासून कॉर्कपर्यंतची पंधरा-वीस मराठी घरं आपापल्या चौकोनातून मखरं दाखवत होती आणि सगळे सगळ्यांना "मस्त, मस्त" म्हणत होते. क्लोनडॉकिनच्या एका जोडप्याने पुठ्ठ्याचं देऊळ केलं होतं, त्याला सोनेरी कागद लावला होता. मॅडमनी माइक चालू केला. "छान आहे. छप्पर कशावर उभंय?" पंधरा-वीस चौकोन गप्प झाले. आरती सुरू होण्यापूर्वी त्या घरातल्या बाप्याने स्वयंपाकघरातल्या टिश्यूच्या दोन नळ्या आणून छपराखाली लावल्या. मॅडमनी मान डोलावली आणि माइक बंद केला. आरतीला त्यांनी हात जोडले नाहीत. त्या देव मानत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. का मानत नाहीत, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

अशा बाईच्या टेबलावर २०२१च्या जानेवारीत 'लॅड्स'ची फाइल आली.

एनिसच्या बाहेर एका टेकाडावर दोन उंच गोल खांब आहेत. वरची टोकं तुटलेली, आजूबाजूला गवत आणि मेंढ्या. सगळा गाव त्यांना लॅड्स म्हणतो, म्हणजे आपली पोरं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा तेव्हा कोविडचा नियम होता, त्यामुळे उभ्या जन्मात जे तिकडे फिरकले नव्हते तेही रोज लॅड्सपाशी फिरायला जात. गावची लहान मुलं खांबांच्या चौथऱ्यावर चढत. त्यातला पूर्वेचा खांब चांगलाच कलला होता. शेताच्या मालकाला कौन्सिलची नोटीस गेली की इंजिनिअर नेमा, आणि त्याने आमच्या ऑफिसला फोन केला.

मालकाचं नाव मायकल जो. वय एकोणऐंशी, डोक्यावर टोपी, मास्क हनुवटीवर. तो बोलायचा इंग्रजी, पण इथल्या क्लेअर परगण्यातल्या खेड्यातलं, अर्धं पोटात ठेवून बोललेलं. मी इथे मराठीतच सांगतो.

"हे रोमन देवळाचे खांब आहेत," तो म्हणाला.

"रोमन आयर्लंडमध्ये आले नव्हते," मॅडम म्हणाल्या.

"असं डब्लिनचे लोक म्हणतात."

"मी शाळेत शिकले. कुडाळला."

"म्हणूनच दोन आहेत," मायकल जो शांतपणे म्हणाला. "आले असते तर चाळीस असते."

मग त्याने गोष्ट सांगितली. एक रोमन गलबत शॅनन नदीच्या मुखाशी वादळात सापडलं. डोलकाठीच्या टोकावर एकाएकी दोन ज्योती दिसल्या, एकीशेजारी एक. ते कॅस्टर आणि पॉलक्स, खलाशांना तारणारे जुळे देव. गलबत किनाऱ्याला लागलं आणि कप्तानाने नवस फेडायला इथे दोन खांबांचं देऊळ बांधलं. जुळ्यांपैकी कॅस्टर मर्त्य, पॉलक्स अमर. कॅस्टर मेला तेव्हा पॉलक्सने बापाकडे, म्हणजे देवांच्या राजाकडे, हट्ट धरला की माझं अमरपण दोघांत वाटून दे. तेव्हापासून दोघं आळीपाळीने एक दिवस वर आणि एक दिवस खाली असतात. मायकल जो आणि त्याचा भाऊ पॅट्सी स्वतःच जुळे. आपल्यातला अमर कोण यावरून लहानपणी त्यांच्यात रोज मारामारी व्हायची, म्हणून आईने वार वाटून दिले होते.

गोष्ट चालू असताना मॅडम खांब वाजवत होत्या. पश्चिमेचा भरीव बोलला. पूर्वेचा पोकळ बोलला. त्यांनी खिशातून किल्ली काढून तळाशी खरवडलं, तर गिलाव्याखाली लाल वीट निघाली. कुणीतरी जमीनदार इटली बघून आला असणार आणि आपल्याही शेतात एक पडकं देऊळ हवं म्हणून त्याने हे बांधून घेतलं असणार. विटा, वर गिलावा आणि गिलाव्यावर दगडाचे सांधे कोरलेले. गाडीत बसल्यावर मॅडमनी किल्लीवरची विटेची लाली पुसली. "चांगलं बांधलेलं पडलं तर मी समजू शकते," त्या म्हणाल्या, "पण पडकं म्हणूनच बांधायचं?" त्यांच्या बोलण्यात खरोखरचं दुःख होतं.

विटांचं त्या मायकल जोला काही बोलल्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्याने खांब कलला का विचारलं. कुणी बांधला ते विचारलं नाही."

पूर्वेच्या खांबाखालची माती भिजून लगदा झाली होती. टेकू लावायचा तर त्याच्याखाली माणसं उभी करावी लागणार होती, आणि त्याला मॅडमची तयारी नव्हती. लांब हाताचं मशीन आणून खांब वरून हलक्या हाताने उतरवायचा, एवढा एकच मार्ग होता. त्यासाठी मालकाची सही हवी होती, आणि मायकल जो सही करत नव्हता.

कारण पॅट्सी हॉस्पिटलात होता. दोघं अविवाहित, जन्मभर त्याच शेतातल्या घरात एका चुलीपाशी बसलेले. ख्रिसमसनंतर पॅट्सीला कोविड झाला, अँब्युलन्स आली, आणि आता तीन आठवडे तो श्वासाच्या मशीनवर होता. भेटायला परवानगी नव्हती. नर्स रोज सकाळी फोन करून सांगायची. आणि गावात पिढ्यान् पिढ्या म्हणत आले होते की लॅड्सपैकी एक खाली आला तर ज्या घरात जुळे असतील तिथला एक जातो.

"माझा यावर विश्वास नाही," मायकल जो म्हणाला. "पण पॅट्सी परत येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी खांबाभोवती दोरी बांधली, पाटी लावली. पोरं दोरीखालून जायला लागली. मग मॅडम रोज दुपारी ऑफिसचं काम लॅपटॉपवर संपवून, पिवळं जॅकेट घालून चालत तिथं जायच्या आणि अंधार पडेपर्यंत पोरांना हाकलत उभ्या राहायच्या. पाऊस असला तरी. एकदा एक सहा वर्षांची मुलगी चौथऱ्यावर चढून खांबाला मिठी मारून उभी राहिली, आपलं वजन त्याच्यावर टाकून. मॅडमनी तिला काखेला धरून उचललं. तो प्रसंग त्यांनी मला लगेच फोनवर सांगितला. "निखिल," त्या म्हणाल्या, "तो खांब तिच्याच बाजूला कललेला होता."

फेब्रुवारीत वादळाचा इशारा आला. दोन दिवस हातात होते. मॅडम आणि मी सकाळी नऊला शेतात पोचलो, तेव्हा मायकल जो फाटकापाशी उभा होता. आम्हाला पाहून त्याने फोन खिशात ठेवला. डोळे लाल होते, पण थंडीने सगळ्यांचेच लाल होते.

मॅडमनी कागद पुढे केला.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "त्यांना विचारा." आणि खांबांकडे हात केला.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं की हा नकार आहे. मॅडमनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "विचारते. आमच्याकडे त्याची पद्धत आहे. फुलं लागतील. आणि वाटीभर पाणी."

मायकल जोने अंगणातले दोन डॅफोडिल तोडून आणले. पाणी मेंढ्यांना औषध पाजायच्या मगातून आणलं. मॅडमनी बूट काढले. फेब्रुवारीतल्या चिखलात मोजे घालून त्या खांबासमोर उभ्या राहिल्या आणि मायकल जोला समजावून सांगितलं, अगदी टाइल्सचं काम समजावून सांगावं तशा सुरात. दोन पाकळ्या ओल्या करून खांबाला चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. देवाला प्रश्न सांगायचा. उजवी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर नाही.

"आणि डावी पडली तर?" मायकल जोने विचारलं.

"तर मी खांबाला हात लावणार नाही."

हे बोलणं खरं होतं. बाई कधी खोटं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला त्यांनी सांगितलं, "मी थांबले की 'होय म्हाराजा' म्हणायचं. मोठ्याने." मायकल जोने अर्थ विचारला. मी म्हटलं, येस सर. तो म्हणाला, ग्रँड, म्हणजे ठीक.

मॅडमनी पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले, आणि इतकी वर्षं ऑफिसात ज्यांची प्रमाण मराठी ऐकून मी दबकून असायचो त्यांच्या तोंडून अचानक खणखणीत मालवणी बाहेर पडली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

"रोमच्या जुळ्या म्हाराजा! तू खयसून इलंस, कोणी तुका हाडलो, ता आमका ठाऊक नाय. पण ह्या शेतात तू उभो आसस म्हणान ह्यो मायकल जो आज तुझ्या पायाकडे इलो हा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा." दुसऱ्या वेळी मायकल जोही म्हणाला. शब्द त्याने चुकवले नाहीत.

"तेचो भाव आजारी आसा. तेका बरो कर. तेका जाऊचाच आसात तर तरास नको देव, म्हाराजा! तुझो एक खांब आमी उतरवतंव, ता रागान न्हय, पोरांच्या जिवासाठी. तुझी मर्जी आसली तर उजवो कौल दी. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

मग आम्ही तिघं उभे राहिलो. वारा अजिबात नव्हता. एक मेंढी येऊन मॅडमच्या बुटांचा वास घेऊन गेली. तीन-चार मिनिटं झाली असतील. उजवी पाकळी कडेने सुटली, जराशी वाकली, आणि खाली पडली. डावी तशीच चिकटून होती.

मायकल जोने टोपी काढली, परत घातली, आणि आमच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

परतताना मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं. "मॅडम, उजव्या पाकळीला पाणी कमी लावलंत ना, आधी सुटावी म्हणून?"

त्यांनी खिडकीबाहेर बघतच उत्तर दिलं. "नखाने निपटून काढलं. बाबा तसंच करायचे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. वडील गावच्या देवळातले गुरव. शेत विकू का, मुलीला त्या घरात देऊ का, मुंबईला जाऊ का, सगळं विचारायला लोक येत, आणि बाबा पाकळ्या लावत. बारा वर्षांच्या सुहासिनीने एकदा जवळून पाहिलं की बाबा एका पाकळीचं पाणी नखाने निपटून काढतात. कधी उजवीचं, कधी डावीचं. भर देवळात ती मोठ्याने म्हणाली, बाबा, हे खोटं आहे. कुणीच काही बोललं नाही. बाबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत, आणि त्यानंतर ती त्यांच्याशी कधी नीट बोलली नाही. "त्या दिवशी मी देव सोडला आणि सिव्हिल धरलं," मॅडम म्हणाल्या. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. खांब हलक्या हाताने उतरला, एकाच्याही नखाला धक्का लागला नाही. त्याच संध्याकाळी पॅट्सी गेला.

अंत्ययात्रेला दहाच माणसांना परवानगी होती, म्हणून बाकीचा गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना अंतर ठेवून उभा राहिला. मॅडमही उभ्या होत्या, मी त्यांच्यापासून दोन मीटरवर. गाडी गेली. मॅडमना कुणी काही म्हणालं नाही, आणि तेच वाईट होतं. त्यानंतर त्यांनी भिंती वाजवणं बंद केलं. साइटवर जायच्या, टेप लावायच्या, आकडे लिहायच्या, पण बोट पुढे जायचं नाही. एकदा मला म्हणाल्या, "मी भिंतीला विचारायचे. आता विचारायची लाज वाटते." मला फार वाईट वाटलं, एवढंच खरं.

एप्रिलच्या शेवटी लॅड्सची फाइल बंद करायची होती, त्यासाठी एक शेवटची पाहणी लागते. मॅडम दोन महिने टाळत होत्या. दुपारी आम्ही गेलो. उतरवलेल्या विटा एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या होत्या, ताडपत्री घालून. मायकल जोने स्वतः रचल्या होत्या, म्हणजे विटा त्याने पाहिल्याच होत्या. मॅडमनी मोजमाप घेतलं, फोटो काढले, आणि टेप गुंडाळत त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्टर मायकल, मी कौल खोटा लावला होता. उजव्या पाकळीचं पाणी मी नखाने काढलं."

"हो," मायकल जो म्हणाला. "मी शेजारीच उभा होतो."

मॅडमनी टेप खिशात टाकली.

"तुम्ही आलात त्याच्या आधीच हॉस्पिटलचा फोन येऊन गेला होता," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही, नुसता त्रास आहे. उद्या श्वासाचं मशीन थांबवावं असं आम्हाला वाटतं, तुमचं काय म्हणणं. मी म्हटलं, तासाभरात सांगतो. पण काय सांगू? एकोणऐंशी वर्षं आम्ही एका घरात राहिलो. माझ्या तोंडून होय निघत नव्हतं." त्याने टोपी सारखी केली. "तुम्ही नखाने पाणी काढलंत ते मी बघितलं, आणि मला फार बरं वाटलं, की ठरवणारं दुसरं कुणीतरी आहे. तुम्ही गेलात आणि मी फोन केला." मग जरा थांबून त्याने विचारलं, चहा घेणार का? अंगणातच, खुर्च्या लांब टाकून.

मॅडम नको म्हणाल्या. त्याचे आभार मानून त्या गाडीत येऊन बसल्या, पट्टा लावला. मी गाडी सुरू करणार तोच त्यांनी फोन काढला आणि गावी आईला लावला. फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावला. आई पंच्याऐंशीची, कानाने कमी, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागायचं.

"आये," मॅडम म्हणाल्या, "बाबा कौलाचा पाणी नखान काढीत, ता तुका म्हायत होता?"

"माका?" आई तिकडून ओरडली. "सगळ्या गावाक म्हायत होता. लोक तेच्यासाठीच येत. तुका एकटीकच राग इलो."

आई "हॅलो, हॅलो" करत राहिली. शेवटी मीच फोन उचलला आणि सांगितलं की त्या ऐकतायत, जरा थांबा.